गावच्या प्रश्नाचे चार गुण

आमच्या खांडगव्हाणात इतिहास येत नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. सकाळी सात वाजता अजीजभाईच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसा. कुठला किल्ला कसा पडला, कुणी कुणाला दगा दिला, आपण त्या जागी असतो तर काय केलं असतं, सगळं फुकटात ऐकायला मिळतं. गेल्या वर्षी दहावीच्या बोर्डानं या गावाला इतिहास लेखी विचारला, तेवढंच जरा अवघड गेलं. चौतीस पोरांतली अकरा सामाजिक शास्त्रांत गळाली. भूगोलाचे सर तोवर बदली होऊन गेले होते. म्हणून अकराच्या अकरा इतिहासाच्या खात्यावर पडली, म्हणजे माझ्या. मी कल्याण सर. या गावच्या शाळेत एकोणीस वर्षं इतिहास शिकवतोय.

निकालाची बातमी सरपंच मच्छिंद्र अण्णांच्या फार मनाला लागली. शेजारच्या गावाच्या सरपंचानं त्यांना मोबाईलवर हसऱ्या तोंडाची तीन चित्रं पाठवली होती. अण्णांनी त्याच आठवड्यात दोन जीप भरून माणसं हिवरे बाजारला नेली. गाव सुधारायचं तर तिथं जाऊन बघून यावं, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. सुधारणा बघायला जातात म्हणून मीही गेलो. तिथली झाडं बघितली, विहिरींचं पाणी बघितलं, लोक एकत्र बसून गावाचे निर्णय कसे घेतात तेही ऐकलं. परत येताना करंजीच्या घाटात अण्णांनी जीप थांबवली आणि म्हणाले, "सर, सगळी जादू ग्रामसभेत हाय. आपुन बी आता सगळं सभेत ठरवायचं. हात वर करून."

पाणी अडवायचं म्हणजे वर्षानुवर्षं राबायचं, आणि चराई बंद करायची तर घरच्या शेळ्यांपासून भांडण सुरू. हात वर करायला मात्र काही लागत नाही. तेवढं आम्ही जीपमध्ये घालून घेऊन आलो.

ग्रामसभा कायद्यानं वर्षातून चार वेळा होते. आमची दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी दहाला मारुतीच्या देवळापुढं होऊ लागली. पहिलाच ठराव दहावीच्या इतिहासाचा. डिसेंबरपासून दर शनिवारी एक सराव परीक्षा, अशा पाच. रविवारी सभेत मी आदर्श उत्तरं वाचून दाखवायची, वाद निघाला तर बहुमत घ्यायचं, आणि बहुमताप्रमाणं पेपर तपासायचे. नापास मुलाच्या पालकाला भर सभेतून फोन लावायचा. इतिहास बहुमतानं ठरत नसतो, असं मी उभं राहून सांगणार होतो. पण चहा आला.

पहिल्या सरावाच्या प्रश्नपत्रिकेवर जिल्ह्याचं जुनं नाव छापलं गेलं होतं. ते खोडून नवं लिहिण्यात पोरांची वीस मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी सभेत मी उत्तरं वाचायला लागलो. भारताचं राष्ट्रीय अभिलेखागार, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं जपून ठेवतात ती जागा, कुठं आहे? मी म्हणालो, नवी दिल्ली.

"मुंबई," मागून एक जण म्हणाला. "मंत्रालयात. गावच्या रस्त्याचा कागद सहा वर्षं झाली तिथंच हाय. त्याच्यापरीस जपून कोन ठिवनार?"

यावर सभेत जी चर्चा झाली ती मी आयुष्यात विसरणार नाही. प्रत्येकाचा एक ना एक कागद मुंबईला होता. दिल्लीत कुणाचाच नव्हता. अण्णांनी मत घेतलं. मुंबईच्या बाजूनं दहा हात. दिल्लीसाठी मी हात वर केला होता, पण सगळे वळून बघायला लागले तेव्हा त्याच हातानं डोकं खाजवलं. मुंबई बिनविरोध झाली.

सोमवारी वर्गात मी पेपर वाटले. पूजा उठून उभी राहिली. तिच्या 'नवी दिल्ली'वर मी फुली मारली होती.

"सर, पुस्तकात तर दिल्लीच हाय."

"बोर्डात दिल्ली लिही. इथं मुंबई लिही."

"म्हंजे दोन-दोन इतिहास पाठ करायचे?"

"दोनच आहेत तोवर कर," मी म्हणालो. पोरं हसली. मलाही माझा विनोद आवडला. आज आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पूजा ही छगनची मुलगी. छगन आणि त्याची बायको दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यावर जातात, ते उन्हं तापल्यावर येतात. दिवाळीनंतर आमचं निम्मं गाव असंच कुलूप लावून जातं. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि ज्यांना जायची गरज नाही ते, म्हणजे अण्णा आणि त्यांची सभा. पूजा नववीपर्यंत आईबापाबरोबर जायची आणि मार्चमध्ये येऊन सगळ्या वर्गाच्या पुढं निघायची. दहावीला तिला मागं ठेव म्हणून मी छगनच्या मागं लागलो. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मुक्ताबाईच्या घरी ती राहणार होती. निघायच्या दिवशी छगन मला म्हणाला, "तुमी म्हनता म्हनून ठिवतो, सर. पर सरावात नापास झाली तर लपवू नका. मुकादमाचा टेम्पो सोमवारी गावात येतोच दळन न्यायला. त्यात बसवून द्या. नापासच व्हायचं तर हितं बसून कशाला? तिकडं मोळ्या तरी बांधील."

टेम्पोत बसली की बोर्डाची परीक्षा बुडाली, हे त्याला ठाऊक होतं, मला होतं आणि पूजालाही होतं.

तिसऱ्या सरावाला मी एक प्रश्न घातला: 'तुमच्या परिसरातील ऐतिहासिक ठेव्याची माहिती लिहा. गुण चार.' असले प्रश्न बोर्डालाही येतात. पोरं आपल्या डोक्यानं दोन ओळी लिहितील असा माझा भाबडा हिशेब. सभेत प्रश्न वाचल्याबरोबर अण्णा ताठ बसले.

"लिवून घ्या, सर. आमच्या गावचा तलाव कैलासवासी कारभारी पाटील यांनी बहात्तरच्या दुष्काळात बांधला."

कारभारी पाटील म्हणजे अण्णांचे आजोबा. हात वर जाणार, तेवढ्यात एकाला आठवलं की त्याच्या चुलत्यानं तलावाला बैलगाडी दिली होती. दुसऱ्याच्या बापानं पहार दिली होती. तिसऱ्याच्या आजानं साहेबाच्या राहण्याची सोय केली होती. चौथ्याकडं देण्यासारखं काही नव्हतं, पण त्याच्या घरचे लोक तलावाकडं रोज जाऊन बघायचे. मी तुझ्या आज्याला हात वर करतो, तू माझ्या आज्याला कर, असं करत करत दुपारी एकपर्यंत आदर्श उत्तरात तेवीस नावं झाली. सतराव्या क्रमांकावरच्या आजोबांचा नातू रुसून निघाला, म्हणून त्यांना नवव्या क्रमांकावर घेतलं. उठता उठता अण्णांनी आणखी एक ठराव करून टाकला: गावचा हा प्रश्न आता दर सरावाला, आणि त्याला शून्य पडला तर पूर्ण पेपर नापास.

पोरांनी तेवीस नावं आरतीच्या चालीवर बसवली. मधल्या सुट्टीत शाळा दणाणून जायची. चौथ्या सरावात तेहेतीस पोरांनी ती जशीच्या तशी उतरवली. एकट्या पूजानं उतरवली नाहीत.

तिनं काय केलं होतं, तर मुक्ताबाईला विचारलं होतं. खिचडीचे तांदूळ निवडता निवडता. मुक्ताबाई त्या दुष्काळात चौदा वर्षांची होती आणि तलावाच्या कामावर खडी फोडत होती. कारभारी पाटील तिला चांगले आठवत होते. "व्हते की. छत्री लावून हुबं ऱ्हायचे. पावसाचा ठिपूस न्हाई आन छत्री! आमी वर बघून हसायचो, मग मुकादम वरडायचा." हा प्रसंग पूजानं पेपरात स्वच्छ अक्षरात लिहिला होता, छत्रीसकट. खाली लिहिलं होतं: 'तलाव बांधणाऱ्या लोकांची नावे गावातील वृद्ध व्यक्तींना विचारून गोळा करता येतील. पाठ्यपुस्तकात याला मौखिक साधने म्हटले आहे.'

रविवारी मी उत्तर वाचलं. छत्रीपाशी आलो तेव्हा माझाच आवाज बारीक झाला. अण्णांनी नुसता हात वर केला. मग दहा हात वर झाले. मी लाल पेन काढलं आणि पूजाच्या पेपरावर शून्य घातलं. हात सभेचे होते. पेन माझं होतं. पहिली वेळ म्हणून पोरीला समज देऊन सोडावं असं ठरलं, आणि अण्णांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल त्यांच्या अभिनंदनाचा ठराव झाला.

मी पूजाला स्टाफरूममध्ये बोलावलं. "हे बघ, एकच सराव राहिलाय. लिही तेवीस नावं आणि मोकळी हो. बोर्डात तुला वाटेल ते लिही."

"सर, तुमीच शिकवलं. पुरावा नसंल तर ती गोष्ट, इतिहास न्हाई. या तेवीस जनांला पुरावा काय?"

"बहुमत."

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला माझी कीव आली, आणि पंधरा वर्षांच्या पोरीनं केलेली कीव फार झोंबते.

"टेम्पोत बसावं लागेल, पूजा," मी म्हणालो.

"ठावं हाय, सर."

पाचव्या सरावात गावच्या प्रश्नाला तिनं एक्केचाळीस नावं लिहिली. आठवडाभर शाळा सुटल्यावर ती मुक्ताबाईला घेऊन घरोघर फिरली होती. कुणी खडी फोडली, कुणी पाट्या टाकल्या, कुणाचं तान्हं बाभळीच्या झोळीत असायचं, प्रत्येक नावापुढं एक ओळ. बहुतेक नावं बायकांची, कारण गडीमाणसं त्या वर्षी जनावरं घेऊन चाऱ्याच्या मागं गेली होती. शेवटी लिहिलं होतं: 'ही माहिती सांगणाऱ्या सतरा जणी हयात आहेत.'

त्या सतरा जणी रविवारी दहाच्या ठोक्याला मारुतीपुढं हजर. पदर सावरून थेट पुढं सतरंजीवर बसल्या. अण्णांची नेहमीची अकरा माणसं मागं सरकली.

"आज इकडं कुनीकडं, मुक्ताबाई?" अण्णांनी विचारलं.

"हात वर करायला," मुक्ताबाई म्हणाली. "तुझ्या सभंत तेवढंच लागतं म्हनं, मच्छिंदर."

अण्णांची चूक तेव्हा माझ्या ध्यानात आली. त्यांनी हातांचं राज्य आणलं, पण आणलं ते ऐन ऊसतोडीत. धडधाकट माणसं कारखान्यावर. गावात माणसं मोजायला घेतली तर म्हाताऱ्या बायाच जास्त भरतात, आणि त्या सभेला कधी येत नाहीत एवढ्याच भरवशावर गेले चार रविवार इतिहास चालला होता.

मी पूजाचं उत्तर वाचलं. मुक्ताबाईनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "हे खरं हाय का गं?" सतरा हात वर गेले. काही धड सरळ होईनात, कोपरातच अडले, पण गेले. मागून अठरावा हात आला, तो अजीजभाईचा. त्याच्या डाव्या हातात किटली होती. त्याची आई हसीनाबी चौदाव्या नावावर होती. विरुद्ध बाजूला दहा.

अण्णांनी एकदा मोजले. परत मोजले. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"कोरम न्हाई," ते म्हणाले. "सभेला शंभर मानूस लागतं. ही सभा हुऊच शकत न्हाई. तहकूब."

"आन मागल्या रविवारी किती व्हते रं?" मुक्ताबाईनं विचारलं.

"तवा कुनी हरकत घेतली न्हवती."

"मंग आज कुनी घेतली?"

"मी घेतली," अण्णा म्हणाले.

सभा तहकूब झाली म्हणजे जुनं आदर्श उत्तर कायम. जुनं उत्तर कायम म्हणजे पूजाला शून्य. सभा नसली तरी फोन लावायचा ठराव मात्र लागू, कारण तो कोरम नसल्याची हरकत कुणी घेण्याआधीचा. हे सगळं अण्णांनी मला इतक्या सरळ चेहऱ्यानं समजावून सांगितलं की क्षणभर मलाही पटलं. मी पेपरावर शून्य घातलं. मग मोबाईल काढला, छगनचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. पूजा देवळाच्या पायरीपाशी उभी होती. तिनं नजर खाली घातली नाही.

फडात ट्रॅक्टरचा आवाज चालला होता. छगन ओरडून बोलत होता. "बोला, सर! पास झाली न्हवं?"

"छगन, पूजा नापास झाली."

ट्रॅक्टर चालूच होता. "कशात?"

"गावच्या प्रश्नात."

"काय लिवलं तिनं?"

"तलावाचं लिहिलं. बांधणाऱ्यांची नावं."

"वाचा."

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा आकाशाकडं बघत होते. मी वाचायला लागलो. एक, दोन, तीन. पलीकडं छगननं कुणाला तरी ट्रॅक्टर बंद करायला लावला. मी वाचत राहिलो. एकोणतिसाव्या नावाशी आलो आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की हे नाव कुणाचं आहे. आधी दोनदा वाचलं होतं, एकदा घरी आणि एकदा इथं, तरी लक्षात आलं नव्हतं. नापास करायला वाचलं की असंच होतं.

"गोदाबाई," मी वाचलं. "खडी फोडताना कपची उडून डावा डोळा गेला. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून कामावर आल्या."



"आमाला तर आई म्हनायची, ल्हानपनी बाभळीचा काटा लागला," छगन म्हणाला.

मुक्ताबाई उठून फोनजवळ आली. "कामावर डोळा गेला म्हनलं असतं तर दुसऱ्या दिशी कामावर घेतलं नसतं, लेकरा. म्हनून काटा सांगितला. मंग तेच सांगत ऱ्हायली. माझ्याच शेजारी बसलेली व्हती ती."

छगननं नाक ओढलं. मग म्हणाला, "सर, याला किती मार्क दिलं म्हनला?"

"शून्य."

"कुनी दिलं?"

मी सभेकडं बघितलं. गेले चार रविवार उठसूट वर जाणारे हात आता कुणाच्या खिशात होते, कुणाच्या मांडीखाली. अण्णांना मोबाईलवर काहीतरी फार महत्त्वाचं आलं होतं.

"मी," मी म्हणालो.

"बरं," छगन म्हणाला. त्यानं मला शिवी दिली नाही. द्यायला हवी होती. "मंग उद्या टेम्पोत बसवू नका तिला. मोळ्या बांधायला मानूस मिळंल. हे लिवायला कोन मिळनार हाय आमाला?"

फोन बंद झाला. सतरा जणी एकेक करून उठल्या, गुडघे धरत, आणि घरी गेल्या. अण्णांनी ग्रामसेवकाला सांगितलं की आजचं इतिवृत्त लिहायचं नाही, कारण सभाच झालेली नाही. त्यांच्या बैठकीच्या खोलीत 'इतिहासात शंभर टक्के निकाल' असा फ्लेक्स छापून तयार पडला होता, कारभारी पाटलांच्या फोटोसकट. फोटोत छत्री नाही.

सोमवारी टेम्पो आला आणि पिठाची पोती घेऊन गेला. पूजा पहिल्या तासाला वर्गात होती. मधल्या सुट्टीत मी तिला बोलावलं. रात्रभर मला झोप नव्हती, तेव्हा मनाशी सगळं ठरवून आलो होतो. तिचा पेपर काढला, लाल पेन काढलं.

"हे शून्य मी खोडतो. चार घालतो. कुणी विचारलं तर मी बघून घेईन," मी म्हणालो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज मला बरा वाटला.

पूजानं पेपर माझ्या हाताखालून ओढून घेतला.

"नगं, सर. ऱ्हाऊ द्या तसंच."

"का? तुझा हक्क आहे त्याच्यावर."

"चार घातले तर उद्या म्हनतील, असं कधी झालंच न्हवतं." तिनं पेपर टेबलावर माझ्यापुढं सरळ करून ठेवला आणि शून्याच्या शेजारच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हितं तारीख घाला, आन तुमची सही करा. पुरावा हाय ह्यो."

मी तारीख घातली. खाली पूर्ण नावानं सही केली.